एक प्रश्न, अनेक शास्त्रे



‘संशोधनातील आंतरशाखीय पद्धती’ हे आजच्या विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी काहींनी घरीच थांबण्याचा विचार केला असेल, तर त्यांना आम्ही दोष देणार नाही. नाव जड आहे. अर्थ मात्र साधा आहे. एखादा प्रश्न एका शास्त्राच्या साधनांनी सुटत नसला, तर शेजारच्या शास्त्राकडे जावे, त्याची साधने मागून आणावीत आणि ती त्याच्याच नियमांनी वापरावीत, एवढेच त्या नावात आहे. घर बांधायचे म्हणजे गवंडी लागतो, सुतार लागतो, लोहारही लागतो, हे घर बांधणाऱ्याला शिकवावे लागत नाही. विद्येच्या घरात मात्र ते शिकवावे लागते.

याचे एक कारण असे की, आपण एखादी शाखा निवडतो ती पुष्कळदा दुसरी टाळण्यासाठी. गणित सुटले म्हणून मुलगा इतिहास घेतो आणि सनावळ्या सुटल्या म्हणून दुसरा मुलगा गणित घेतो. पुढे दोघेही पंडित होतात. पण लहानपणी ज्याला भ्यालो त्या विषयाकडे पाठ करून बसण्याची सवय काही जात नाही. अलीकडे तर ‘आंतरशाखीय’ या शब्दाला बाजारभाव आल्यामुळे एक निराळाच प्रकार दिसतो. पाच विषयांचे पाच विद्वान एका चर्चासत्रात पाच निबंध वाचतात, एकत्र चहा घेतात आणि आपापल्या गाडीने परत जातात. ते निबंध मग एका ग्रंथात येतात. त्यांना एकत्र धरून ठेवणारी वस्तू कोणती म्हणाल, तर पुस्तक शिवणाऱ्याचा दोरा.

म्हणून तत्त्वचर्चा थोडी बाजूस ठेवून आम्ही आपणांपुढे दोन उदाहरणे मांडणार आहोत. एकात अनेक शास्त्रे एकाच माणसाच्या डोक्यात नांदत होती. दुसऱ्यात अनेक माणसे आपापले शास्त्र घेऊन एका टेकाडावर जमली. दोन्ही उदाहरणे आपल्याच मुलखातली आहेत.

पहिले उदाहरण दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे. जन्म गोव्यातील कोसबेन येथे १९०७ साली, मृत्यू पुण्यास १९६६ साली. वडील धर्मानंद हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे मोठे पंडित. मुलगा हार्वर्डला शिकून आला, फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागला आणि पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेला. एवढ्यावर थांबला असता तरी एक चांगला गणिती म्हणून त्याचे नाव राहिले असते. रंगसूत्रावरील दोन जनुकांमधले अंतर काढण्याचे जे सूत्र त्यांनी १९४४ साली दिले, ते अनुवंशशास्त्रात आजही त्यांच्याच नावाने वापरले जाते. पण आम्हांला आज त्यांच्या हातातला तराजू दाखवायचा आहे.

आपल्या देशातील सर्वांत जुनी नाणी म्हणजे चांदीची आहत नाणी. त्यांवर राजाचे नाव नाही, साल नाही, एक अक्षरसुद्धा नाही. चांदीचा तुकडा कापायचा, त्याचे वजन बत्तीस गुंजांना म्हणजे सुमारे ३.४ ग्रॅमला जुळवायचे आणि एका अंगावर बहुधा पाच चिन्हे ठोकायची, अशी ती रीत. तक्षशिलेच्या भीर टेकाडात १९१२ आणि १९२४ साली अशा नाण्यांचे साठे सापडले. दुसऱ्या साठ्यात हजाराहून अधिक आहत नाणी होती, आणि त्यांच्यासोबत अलेक्झांडरची जवळजवळ कोरी अशी नाणी निघाल्यामुळे तो साठा केव्हा पुरला गेला याचा अंदाज आला. परंतु साठ्यातील कोणते नाणे आधीचे आणि कोणते नंतरचे? पंडित मंडळी चिन्हांचा अर्थ लावण्यात गुंतली होती. हा सूर्य, हा हत्ती, ही टेकडी की हा स्तूप? अशा वादाला अंत नसतो, कारण चिन्ह काही बोलत नाही आणि पंडित काही थांबत नाही.

वॉल्श नावाच्या अभ्यासकाने १९३९ साली या नाण्यांचे सविस्तर वर्णन वजनांसह प्रसिद्ध केले. कोसंबींनी ते आकडे उचलले आणि विचारले, नाणे हे मुळात आहे काय? ती हातोहात फिरणारी वस्तू आहे. फिरणारी वस्तू झिजते. टांकसाळीतून निघालेल्या नाण्यांची वजने एकमेकांच्या अगदी जवळ असतात. पण बाजारात एखादे नाणे फार फिरते, एखादे मडक्यात पडून राहते. तेव्हा जसजसा काळ जाईल तसतशी सरासरी खाली येईल आणि वजनांतली पांगापांग वाढेल. या नाण्यांच्या पाठीवर बारीक बारीक खुणा असतात. वेळोवेळी नाणे पारखून घेणाऱ्यांनी त्या ठोकल्या असाव्यात. ज्या नाण्याच्या पाठीवर अशा खुणा अधिक, त्याचे वजन सरासरीने कमी, असे हिशेबात दिसून आले. म्हणजे ज्या नाण्यावर साल नव्हते त्याच्या पाठीवरच त्याचे वय नोंदले गेले होते. ते वाचायला लिपितज्ज्ञ पुरा पडत नव्हता, संख्याशास्त्र जाणणारा हवा होता.

येथपर्यंत कोणीही हुशार माणूस आला असता. पुढची पायरी आम्हांस अधिक मोलाची वाटते. आपला तर्क खरा कशावरून, असे त्यांनी स्वतःलाच विचारले. मग ज्यांच्यावर साल छापलेले आहे अशी चालू चलनातली हजारो नाणी गोळा करून त्यांनी ती एकेक करून तोलली. जुन्या सालाचे नाणे हलके भरते का? पांगापांग वाढते का? ती वाढते, असे दिसल्यावरच त्यांनी तक्षशिलेच्या नाण्यांविषयी आपले म्हणणे ठामपणे मांडले. बाजारातल्या साध्या रुपयाने मौर्यपूर्व कार्षापणाची साक्ष काढली, असे म्हणायला हरकत नाही. गणित इतिहासात नेताना त्यांनी गणिताची शिस्त दाराबाहेर ठेवली नाही. इतिहासकार आकडा वापरतो तेव्हा तो बहुधा शोभेसाठी वापरतो. येथे आकड्याला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार दिलेला होता.

आता याच माणसाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हे व्याख्यान आरती होईल. १९५९ साली कोसंबींनी रीमान यांच्या सुप्रसिद्ध गृहीतकाची सिद्धता संभाव्यतेच्या मार्गाने दिल्याचा दावा केला, आणि तो निबंध छापला कृषी-संख्याशास्त्राच्या नियतकालिकात. गणितज्ञांनी ती सिद्धता मान्य केली नाही. तो प्रश्न आजही अनिर्णित आहे. बहुधा काय घडेल हे सांगणारे शास्त्र, अमुक गोष्ट नेहमीच घडते हे सिद्ध करायला लावले की अडते. साधन एका घरातून दुसऱ्या घरात नेता येते, पण पुरावा कशाला म्हणायचे ते ज्या घरी नेले त्या घरचे लोक ठरवतात. नाण्यांच्या बाबतीत हा नियम पाळला म्हणून यश आले, शुद्ध गणितात तो सुटला म्हणून अपयश आले. माणूस तोच होता.

कोसंबींनी स्वतः या पद्धतीवर १९६३ साली एक निबंध लिहिला. भारतविद्येच्या अभ्यासात पोथी, भाषा, पुरातत्त्व आणि प्रत्यक्ष माणसांमधले निरीक्षण ही एकत्र चालवावीत, असा त्याचा रोख. ते त्यांनी पुण्याच्या आसपास पायी हिंडून करून दाखवले होते. मृच्छकटिकाच्या पहिल्याच अंकात चारुदत्त विदूषकाला सांगतो की, चौरस्त्यावर जाऊन मातृकांना बली ठेवून ये. संस्कृतचे अध्यापक शब्दाचा अर्थ सांगून पुढे जातात. परीक्षेत त्यापलीकडे कोणी विचारीत नाही. कोसंबींनी विचारले, चौरस्त्यावरच का? देवळात का नाही?

उत्तरासाठी त्यांनी टीकाग्रंथ बाजूस ठेवला आणि काठी घेतली. आपल्याकडे गावोगावी शेंदूर फासलेल्या तांदळ्याच्या रूपात देवी आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी गावाबाहेर, माळावर किंवा टेकडीच्या वाटेवर आहेत. गाव एकीकडे आणि देवी भलतीकडे, असे का? अशा जागांच्या आसपास कोसंबींना गारगोटीची बारीक हत्यारे सापडू लागली. नांगर येण्याच्या आधी ज्या टोळ्या गुरे-मेंढरे घेऊन हिंडत, त्यांच्या वाटा जेथे एकमेकींना छेदत त्या जागा या असाव्यात, असा त्यांचा निष्कर्ष. याला पुष्टी कोणी दिली? धनगरांनी. पावसाळ्यात मेंढरे पूर्वेच्या कोरड्या मुलखात न्यायची आणि पुढे भाताची कापणी झाली की कोकणात उतरायचे, शेतात मेंढरे बसवायची आणि बदल्यात धान्य घ्यायचे, हा क्रम त्यांनी चालू ठेवलेला आहे. त्याच घाटवाटांनी पुढे व्यापारी तांडे गेले, आणि त्या वाटांच्या माथ्याशी कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी कोरली गेली. कार्ल्याच्या चैत्याच्या तोंडाशी आज एकवीरा आहे, आणि तिच्या यात्रेला समुद्रकाठचे कोळी बांधव येतात.

हा सर्व उलगडा मनोहर आहे. मात्र येथे नाण्यांइतकी काटेकोर मोजदाद शक्य नव्हती, आणि म्हणून नाण्यांच्या निष्कर्षाला जो विश्वास आम्ही देतो तोच याला देत नाही. आपणही देऊ नये. तरीसुद्धा, नाटकातली एक ओळ, शेंदराचा दगड, गारगोटीचे पाते आणि धनगराचा वाडा यांचा एकमेकांशी संबंध असू शकतो, हे त्यांच्यापूर्वी विचारात कोण घेत होते?

पण मंडळी, सगळ्यांनाच कोसंबी होता येत नाही. विद्या आता इतक्या वाढल्या आहेत की एका डोक्यात चार शास्त्रे खऱ्या अर्थाने मावणे दुर्मीळ झाले. मग दुसरा मार्ग राहतो, अनेकांनी मिळून काम करण्याचा. तो दिसायला सोपा आणि करायला अवघड आहे.

पुण्याच्या पूर्वेस शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. आपल्या शेतकऱ्याच्या भाषेत जमिनीचे दोन भाग असतात. पिकते ती काळी, आणि वस्ती असते ती पांढरी. शतकानुशतके राख, शेण, माती मिसळून वस्तीची जागा पांढुरकी होते. उजाड झालेली अशी पांढरी दिसली की पुरातत्त्वज्ञ थबकतो. शेतकरीही थबकतो, कारण ही माती खत म्हणून उत्तम. दोघांची तिच्यावर नजर असते, आणि पुष्कळ ठिकाणी शेतकऱ्याची बैलगाडी आधी पोचलेली आहे. इनामगावच्या पांढरीत डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झ. दा. अन्सारी यांनी १९६८ ते १९८२ या काळात उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या नऊ शतकांत येथे शेतकऱ्यांची वस्ती होती. शंभराहून अधिक घरांचे अवशेष निघाले.

जुन्या पद्धतीचा उत्खनक असता तर त्याने खापरे लावली असती, दफने मोजली असती, आणि हाडे-दाणे एका पिशवीत भरून कोणा तज्ज्ञाकडे पाठवले असते. तज्ज्ञाचा अभिप्राय ग्रंथाच्या शेवटी परिशिष्टात छापला गेला असता, आणि मूळ प्रकरण लिहिणाऱ्याने तो वाचला नसता. असे कितीतरी ग्रंथ आहेत. इनामगावला वनस्पतींचा अभ्यासक, प्राण्यांच्या हाडांचा अभ्यासक, मानवी सांगाड्यांचा अभ्यासक हे कामातच घेतले गेले. याचे महत्त्व आम्ही एका लहान गोष्टीवरून सांगतो. जळालेला धान्याचा दाणा मातीत डोळ्याला दिसत नाही. माती पाण्यात कालवली की तो कोळसा हलका असल्याने वर तरंगतो, आणि मग गाळून घेता येतो. पण हे करायचे असेल तर ती माती बाहेर फेकण्यापूर्वी कोणीतरी थांबा म्हटले पाहिजे. थांबा म्हणणारा माणूस खड्ड्याच्या काठावर पहिल्या दिवशी उभा हवा; अहवाल छापताना बोलावून त्याचा उपयोग नाही. जो प्रश्न खणताना विचारला नाही त्याचा पुरावा ढिगाऱ्यात गेलेला असतो.

या सहकार्यातून जे चित्र उभे राहिले ते असे. मधल्या काळात, म्हणजे इसवी सनापूर्वी १४०० ते १००० च्या सुमारास, लोक ऐसपैस चौकोनी घरांत राहत, मुख्यतः जव पिकवीत, गहू, मसूर, कुळीथही घेत. पुराचे पाणी वळवण्यासाठी त्यांनी चर खणला होता आणि बांध घातला होता. मूल दगावले तर दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवीत आणि घराच्या जमिनीतच पुरीत. मोठ्या माणसाला उत्तरेकडे डोके करून निजवीत आणि त्याचे पाय घोट्याजवळ तोडीत. मेलेल्याने भूत होऊन दूर जाऊ नये म्हणून, असा तर्क आहे. मग इसवी सनापूर्वी १००० नंतर दिवस फिरले. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. शेती घटल्याची, आणि शिकार व शेळ्या-मेंढ्या यांवर भिस्त वाढल्याची चिन्हे उत्खनकांना दिसली. शेवटी वस्ती उठली. पाऊसमान घटले म्हणून हे झाले, असा ढवळीकरांचा निष्कर्ष.

आपणां सर्वांना तो लगेच पटतो. शिरूरचा मुलूख पर्जन्यछायेतला, आणि उत्खनन चालू असतानाच १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्राने भोगला. दुष्काळ डोळ्यांपुढे असता मातीतही दुष्काळ दिसावा हे स्वाभाविक आहे. ते चूक असेलच असे नाही. पण जी गोष्ट लगेच पटते तीच दुसऱ्या शास्त्राकडून तपासून घ्यावी.

तशी तपासणी पुढे झाली. गोल झोपड्या म्हणजे दारिद्र्यच का? की लोक वर्षातले काही महिनेच येथे राहत होते? शीना पांजा यांनी वस्तीच्या मांडणीवरून स्थलांतराचा हा मुद्दा मांडला. मुलांच्या दातांवर आणि सांगाड्यांवर जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी काम केले होते. दातावरचे कवच लहानपणी थराथराने बनते. उपासमार किंवा मोठे आजारपण आले की त्या थरात खोट राहते, आणि ती खोट माणूस मेल्यावर तीन हजार वर्षांनीही पुसत नाही. २०११ साली ग्वेन रॉबिन्स शुग या अमेरिकन विदुषीने इनामगावसह दख्खनच्या मुलांच्या सांगाड्यांचा फेरअभ्यास प्रसिद्ध केला. दातांवरून मुलाचे वय काढायचे आणि हाडांवरून त्याची वाढ पाहायची. वयाच्या मानाने हाड आखूड असेल तर ते मूल उपाशी वाढले. या कामातून ‘पाऊस गेला म्हणून गाव गेले’ हे सरळ समीकरण पुरेसे नाही, असे पुढे आले. जन्म-मृत्यूचे प्रमाण, जमिनीचा कस, पिकांची निवड हे सगळे हिशेबात घ्यावे लागते. दुष्काळ एकटा आरोपी उरला नाही.

काही श्रोत्यांना यात पुरातत्त्वाचा पराभव दिसेल. आम्हांला तसे वाटत नाही, आणि त्याला भौतिकशास्त्रातला एक दाखला आहे. किरणोत्सारी कार्बनवरून अवशेषांचे वय काढण्याची रीत विलर्ड लिबी यांनी १९४९ च्या सुमारास काढली आणि १९६० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. वनस्पती हवेतून हा कार्बन घेते, मेल्यावर घेणे थांबते, आणि आतला कार्बन ठरावीक गतीने घटतो. उरलेला मोजला की वय कळते. पदार्थविज्ञानाचा निकाल म्हणजे देवाचा शब्द, असे इतिहासकारांना वाटले. पण या हिशेबात हवेतील त्या कार्बनचे प्रमाण सदैव सारखे होते असे धरलेले होते. ते तसे नव्हते, हे दाखवून दिले झाडांच्या बुंध्यातील वर्षावर्षाच्या कड्यांनी. ज्या कड्याचे साल मोजून ठाऊक आहे त्याचे कार्बनने काढलेले साल वेगळे येऊ लागले, आणि प्राचीन काळात तर शेकडो वर्षांचा फरक पडला. आज जगातील प्रत्येक प्रयोगशाळा आपले उत्तर अशा कड्यांच्या कोष्टकावर तपासून मगच देते. इतक्या मानी शास्त्राने झाडाच्या कड्यांपुढे आपले आकडे दुरुस्त केले, आणि त्यामुळे ते अधिक विश्वासार्ह झाले.

श्रोत्यांपैकी तरुण विद्यार्थी विचारतील की, आम्ही नेमके काय शिकावे? आमचे उत्तर कदाचित निराशा करील. आधी एक शास्त्र नीट शिकावे, इतके की त्यात कोणी चूक केली तर ती आपल्या ध्यानात यावी. सर्व विषयांची चव घेतलेला माणूस सभेत चांगला बोलतो, पण खड्ड्याच्या काठावर त्याचा उपयोग नसतो. त्यानंतर दुसऱ्या शास्त्राची भाषा कळण्यापुरती शिकावी. संख्याशास्त्रज्ञाला ‘पांगापांग’ म्हणजे काय हे नाणेतज्ज्ञाने विचारावे, आणि कोणते नाणे बनावट असू शकते हे संख्याशास्त्रज्ञाने नाणेतज्ज्ञाला. यात लाज वाटण्याचे काही नाही. लाज वाटते ती पदव्यांमुळे. तिसरी गोष्ट संस्थांच्या हातात आहे. दोन विभागांचे दोन अध्यापक मिळून एक काम करतात तेव्हा ते कोणाच्या नावे मांडायचे यावरच आमच्याकडे वर्ष जाते. हे बदलल्यावाचून नुसती चर्चासत्रे भरवून काही साधणार नाही.

शेवटी एक गोष्ट इनामगावच्या दफनांबद्दल. ती मुलांची हाडे आणि दात उत्खननानंतर जपून ठेवले गेले, म्हणूनच पुढच्या पिढीतल्या अभ्यासकांना ते पुन्हा पाहता आले, आणि पहिल्या निष्कर्षावर शंका घेता आली. आता दाताच्या कवचातील स्ट्रॉन्शियम या धातूवरून ते माणूस कोणत्या भूमीवर लहानाचे मोठे झाले हे सांगण्याची रीत रूढ झाली आहे. इनामगावचे लोक बारमाही राहणारे की मेंढरांमागे फिरणारे, या वादात तिचा उपयोग होईल. उत्खनन सुरू झाले त्या १९६८ साली ही रीत पुरातत्त्वात कोणी वापरीत नव्हते; तरी दात जपले गेले.